सगळ्यांना सारखे 2,500 : व्यवसाय कराची पार्श्वभूमी

पगारपत्रकातल्या ‘पीटी’च्या, म्हणजे व्यवसाय कराच्या (प्रोफेशन टॅक्स) रकान्यात दरमहा 200 रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत 300. वर्षाचे झाले 2,500. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत महिना 12 हजारांवर माग चालवणाऱ्याची कपात एवढीच आणि त्याच शहरात लाखभर पगार घेणाऱ्या अधिकाऱ्याचीही एवढीच. मागवाल्याच्या कमाईचा तो पावणेदोन टक्के भाग होतो, अधिकाऱ्याच्या कमाईचा जेमतेम 0.2 टक्का. सर्वांना एकच दर लावणारा प्राप्तिकर गरिबाला परवडेल का, हा वाद अधूनमधून रंगतो. व्यवसाय करात तर दरही एक नाही, रक्कमच एक आहे, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

प्राप्तिकराने आपल्याकडे सुरुवातीपासून खालच्याला वगळले. 1860 सालीसुद्धा वर्षाला 200 रुपयांच्या आत कमावणाऱ्याला तो नव्हता. व्यवसाय कर आला तो वेगळ्या गरजेतून. 1972 च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातली गावेच्या गावे खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामावर गेली. त्यातून रोजगार हमी उभी राहिली आणि तिला कायमचा पैसा हवा होता. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या रिकाम्या हातांसाठी थोडे द्यावे, या विचाराने 1975 मध्ये राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला. हेतू चांगलाच होता. गिरणीतल्या अनेकांचे भाऊबंद त्याच कामांवर होते.

घोळ आहे तो कमाल मर्यादेत. राज्यघटनेच्या कलम 276 ने हा कर एका माणसामागे वर्षाला 250 रुपयांवर जाऊ दिला नाही. 1988 च्या 60 व्या घटनादुरुस्तीने ती मर्यादा 2,500 केली. प्राप्तिकर केंद्राचा विषय. राज्यांनी व्यवसायाच्या नावाखाली दुसरा प्राप्तिकर वसूल करू नये, म्हणून हे कुंपण. पण त्यानंतर पगार कितीतरी पटींनी वाढले आणि कुंपण जागेवरच राहिले. परिणामी राज्याला वरच्याकडून जास्त घेता येत नाही. मग वसुली टिकवायची तर खालच्यांना जाळ्यात ठेवणे आले. करदात्याच्या रक्षणासाठी घातलेली मर्यादा आज प्रत्यक्षात सर्वांत जास्त कमावणाऱ्याचेच रक्षण करते. केंद्राच्या एका आयोगाने ती 18 हजारांवर न्यावी अशी शिफारस केली होती. घटनेतला आकडा 2,500 च आहे. पगारदार नसलेल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या बहुतेकांनाही वर्षाला सरसकट 2,500 च भरावे लागतात, दुकान छोटे असो की मोठे.

त्यात आणखी एक भर. जुन्या पद्धतीने प्राप्तिकर भरणाऱ्याला व्यवसाय कराची वजावट मिळते. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे 2,500 पैकी 750 असे वाचतात. ज्याला प्राप्तिकरच लागत नाही, त्या मागवाल्याच्या खिशातून मात्र पूर्ण रक्कम जाते.

खालची रेषा सरकवणे राज्याच्या हातात होते आणि ती तुकड्यातुकड्याने सरकली. 2014 मध्ये 7,500 पर्यंतचा पगार करमुक्त झाला, 2015 मध्ये महिलांसाठी ही रेषा 10 हजारांवर गेली आणि 1 एप्रिल 2023 पासून थेट 25 हजारांवर. गणवेश शिवणाऱ्या युनिटमधल्या, छोट्या कार्यालयांतल्या बायकांना त्याचा खरा फायदा झाला. घरी विडी वळणारीचा हिशेब हजारी विड्यांवर, ती या रेषेपर्यंत आधीही क्वचितच पोचत होती. निर्णय योग्यच, पण अर्ध्यावर थांबलेला. एकाच घरात बायको शिलाईचे 12 हजार आणते तेव्हा तिची कपात शून्य, नवरा यंत्रमागावर तेवढेच मिळवतो तेव्हा त्याचे 2,500 जातात. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, अशी घरे शोधावी लागत नाहीत. पुरुषाचा पगार 7,500 वरून एक रुपयाने वाढला तरी 175 रुपयांची कपात सुरू होऊन हातात 174 रुपये कमी पडतात, आणि 10 हजारांनंतर पगार कितीही असो, कपात तीच.

वरची मर्यादा उठवायला संसदेत घटनादुरुस्ती लागते. खालची रेषा वाढवायला राज्याच्या कायद्यातली दुरुस्ती पुरते, महिलांसाठी ती झालीही. पुरुषांची 7,500 ची रेषा 2014 नंतर हललेली नाही.