अंतःप्रेरणा आणि स्फूर्ती (छायाचित्रणातील)

कॅमेऱ्याची कळ नेमकी त्याच क्षणी का दाबली, हे छायाचित्रकाराला पुष्कळदा नंतरच उमगते, कधी उमगतही नाही. विचाराच्या आधी होणारी ही निवड म्हणजे अंतःप्रेरणा. स्फूर्तीची चाल संथ असते. एखादी वस्ती किंवा तिथला उजेड मनात घर करतो आणि कलावंताला पुन्हापुन्हा तिकडे ओढून नेतो. बोलण्यात मात्र दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखर याने प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले : कारयित्री, म्हणजे निर्मिती करणारी, आणि भावयित्री, म्हणजे आस्वाद घेणारी. पहिली कवीची, दुसरी रसिकाची. छायाचित्रकाराला दोन्ही लागतात. ३५ मिमी फिल्मच्या एका रोलमध्ये साधारण ३६ चौकटी असतात. कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे रोलमधल्या साऱ्या चौकटी मूळ आकारात एकत्र छापलेल्या कागदावर, भिंग धरून त्यांतली एक उचलायची, हे काम टिपण्याइतकेच प्रतिभेचे. टिपताना फुकट गेली असे वाटलेली चौकट सहा महिन्यांनी अचानक डोळ्यांत भरते, तीही अंतःप्रेरणाच.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ च्या पुस्तकाच्या इंग्रजी नावामुळे ‘निर्णायक क्षण’ ही संज्ञा जगभर रुळली. मूळ फ्रेंच नावाचा रोख मात्र घाईघाईने, चोरून टिपलेल्या चित्रांकडे आहे. मुंबईच्या गर्दीत काम करणाऱ्याला तेच अधिक पटावे.

दादर पश्चिमेच्या फुलबाजारात सकाळी दोन दुकानांमधून उन्हाची तिरीप रस्त्यावर पडते. जाणता छायाचित्रकार गर्दीमागे धावत नाही, तिरिपीसमोर उभा राहतो. ३५ मिमी लेन्सचे छिद्र एफ/८ वर, म्हणजे बऱ्यापैकी लहान, आणि फोकस तीन मीटरवर ठेवला, की सुमारे दोन ते सात मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट येते. मग डोक्यावर झेंडूची गोणी घेतलेला हमाल उजेडात शिरतो, तेव्हा हाताला फक्त कळ दाबायची उरते. बघणाऱ्याला तो योगायोग वाटतो. ती तिरीप तिथे कधी येते, हे त्याआधी कित्येक सकाळी तिथे घालवल्याखेरीज कळत नाही.

छायाचित्रकार रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांनी मुंबई रंगीत फिल्मवर टिपली. झवेरी बाजारातील त्यांच्या एका चित्रात जवाहिऱ्याची पेढी आणि काचेपलीकडची गर्दी एकाच चौकटीत नांदतात.

वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. आपल्याबरोबर शिकणाऱ्या मुली आणि आजूबाजूचे शहर हेच त्यांचे सुरुवातीचे विषय. यांतली काही चित्रे छापून आली ती पती माणेकशा यांच्या नावाने. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या प्रार्थनासभेसाठी त्या निघाल्याही होत्या. पण उद्या दोघे मिळून जाऊ, म्हणून पतीने परत बोलावले आणि त्या मागे फिरल्या. ती रुखरुख त्यांना जन्मभर राहिली.