किती हात लावायचे?

मशीद बंदरच्या गोदामासमोर ट्रक लागला आणि गोदामाच्या दारापर्यंत एकच फळी टाकलेली असली, तर चाराऐवजी बारा माथाडी लावून पोती तिप्पट वेगाने उतरत नाहीत. फळीच्या तोंडाशी रांग तेवढी लागते. मुरलेला मुकादम हे पाहतो आणि जास्तीची माणसे दुसऱ्या कामाला वळवतो. एका चिपवर हिशेब करणारे अनेक भाग, म्हणजे कोअर, असलेल्या मल्टिकोअर संगणकावर काम वाटून एकाच वेळी करणाऱ्या समांतर प्रोग्रॅमला असाच मुकादम लागतो, आणि तो प्रोग्रॅमच्या आतच असावा लागतो.

2005च्या सुमारास प्रोसेसरचा घड्याळी वेग वाढवत नेणे उष्णतेमुळे परवडेनासे झाले आणि घरगुती संगणकांतही एका चिपवर दोन कोअर आले. वेग वाढवण्याचे ओझे तेव्हापासून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर पडले. कामाचा 5 टक्के भाग एकापाठोपाठच करावा लागत असेल, तर कितीही कोअर जोडले तरी एकूण वेग 20 पटींपलीकडे जात नाही, हा संगणकतज्ज्ञ जीन अमडाल यांच्या 1967च्या युक्तिवादाचा निष्कर्ष. प्रत्यक्षात तेवढाही वेग क्वचितच मिळतो, कारण सगळे कोअर मेमरीकडे एकाच वाटेने जातात. आपली फळी ती हीच.

प्रोग्रॅम एकाच वेळी कामाचे जे स्वतंत्र धागे चालवतो, ते थ्रेड. आठ कोअरच्या संगणकावर बेतलेली थ्रेडची संख्या चौसष्ट कोअरवर चुकते. इतकेच नव्हे, तर त्याच संगणकावर दुसरा प्रोग्रॅम सुरू झाला तरी चुकते. म्हणून स्वतःला जुळवून घेणारा प्रोग्रॅम कामाच्या पहिल्या काही फेऱ्या दोन, चार, आठ थ्रेडवर चालवून वेळ मोजतो, फायदा थांबेल तिथे थांबतो आणि अधूनमधून पुन्हा चाचपणी करतो. कामाच्या वाटपासाठी एमआयटीतल्या ‘सिल्क’ या प्रणालीने 1990च्या दशकात रुजवलेली युक्ती मला सर्वांत देखणी वाटते: रिकामा झालेला थ्रेड दुसऱ्याच्या रांगेतून काम चक्क चोरतो, तेही मालक ज्या टोकाने काम उचलतो त्याच्या विरुद्ध टोकाकडून, म्हणजे दोघांची टक्कर सहसा होत नाही.

मोजणी मात्र फुकट होत नाही. काही मिलिसेकंदांच्या कामासाठी हा खटाटोप करूच नये. शिवाय असे दोन प्रोग्रॅम एकाच संगणकावर आले, की गर्दी पाहून दोघेही एकदम माघार घेतात आणि जागा रिकामी दिसताच दोघेही एकदम धावतात. म्हणून थ्रेडची संख्या थोडीथोडी बदलतात आणि पुढच्या बदलापूर्वी काही फेऱ्या वाट पाहतात.