३० एप्रिल : एका तारखेची दोन नावं

३० एप्रिल १९७५ रोजी, दुपार व्हायच्या आत, कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनामचे दोन रणगाडे दक्षिण व्हिएतनामची राजधानी असलेल्या सायगॉनच्या अध्यक्षीय प्रासादावर चालून गेले. ८४३ क्रमांकाचा रणगाडा बाजूच्या फाटकात अडकला. मागून आलेल्या ३९० ने मुख्य फाटक आडवं केलं. अडकलेल्या रणगाड्याचा कमांडर बुई क्वांग थान खाली उतरला, झेंडा घेऊन पायीच आत धावला आणि त्याने तो गच्चीवर फडकवला. झेंडा त्याचा, म्हणून फाटकही त्याच्याच रणगाड्याने पाडलं असं पुढची वीसेक वर्षं मानलं गेलं. एका फ्रेंच महिला छायाचित्रकाराने त्याच क्षणी टिपलेला फोटो पुढे आला तेव्हा ३९० ला न्याय मिळाला. आता दोन्ही रणगाडे ‘राष्ट्रीय ठेवा’ आहेत.

रणगाड्यांचा वाद मिटला. तारखेचा अजून मिटलेला नाही.

मुळात देशाचे दोन तुकडे झाले ते तात्पुरते म्हणून. देशावर राज्य करणारे फ्रेंच दिएन बिएन फूच्या लढाईत हरल्यावर जुलै १९५४ च्या जिनिव्हा करारात १७ व्या अक्षांशाजवळ रेषा ओढली गेली आणि १९५६ मध्ये निवडणूक घेऊन देश एक करायचं ठरलं. कराराच्या देखरेखीसाठी नेमलेल्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं. कॅनडा आणि पोलंड सोबतीला. निवडणूक झालीच नाही. दक्षिणेच्या न्गो दिन्ह दिएम यांनी नकार दिला, अमेरिका त्यांच्या पाठीशी उभी राहिली आणि पुढे तिच्या फौजाही युद्धात उतरल्या. (आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा, शिवरायांच्या चरित्रामुळे व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं हा मजकूर सुखावणारा आहे खरा, पण त्याला पुरावा नाही.)

जानेवारी १९७३ च्या पॅरिस करारानंतर अमेरिकी फौजा परतल्या, लढाई मात्र चालूच राहिली. उत्तरेच्या बाजूने वाटाघाटी करणाऱ्या ले डक थो यांनी अमेरिकेच्या किसिंजरसोबत मिळालेलं शांततेचं नोबेल नाकारलं, कारण शांतता आलेलीच नव्हती. मार्च १९७५ मध्ये दक्षिणेतलं बान मे थुओट शहर उत्तरेच्या हाती पडलं, मग हुए, दा नांग. दक्षिणेचे अध्यक्ष थिएउ यांनी २१ एप्रिलला राजीनामा दिला. जेमतेम दोन दिवस अध्यक्ष राहिलेल्या दुओंग वान मिन्ह यांच्यावर रेडिओवरून शरणागती जाहीर करायची वेळ आली.

३० एप्रिलचं सरकारी नाव लांबलचक आहे : दक्षिणेची मुक्ती आणि देशाचं एकीकरण. (कागदोपत्री देश एक झाला तो २ जुलै १९७६ ला.) दुसऱ्या दिवशी कामगार दिन, त्यामुळे सलग दोन दिवस सुट्टी. पण होड्यांत बसून देश सोडलेल्या लाखोंच्या घरांत या दिवसाला ‘काळा एप्रिल’ म्हणतात. दक्षिणेचे कित्येक अधिकारी आणि सैनिक ‘पुनर्शिक्षण’ छावण्यांत वर्षानुवर्षं अडकले होते.

या दिवसाची ही दुसरी बाजू देशात राहून उघड बोलणारा माणूस सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षातलाच निघाला. माजी पंतप्रधान वो वान किएत २००५ मध्ये म्हणाले की, या युद्धाची आठवण निघाली की लाखो लोक आनंदतात तसे लाखो दुःखीही होतात. त्यांची स्वतःची बायको आणि दोन मुलं अमेरिकी हल्ल्यात गेली होती, त्यामुळे त्यांना गप्प बसवणं अवघड होतं.

२०२५ मध्ये पन्नाशीनिमित्त हो ची मिन्ह सिटीत, म्हणजे जुन्या सायगॉनमध्येच, मोठं संचलन झालं. त्यात चिनी सैन्याची तुकडीही चालली. याच चीनशी व्हिएतनाम १९७९ च्या फेब्रुवारीत सीमेवर लढला होता. त्या युद्धाची सुट्टी नाही.