आईच्या लाडाने मुलगा समलिंगी होत नाही

मुलगा समलिंगी आहे असं कळलं, की आपल्या पुण्यात आजही बोट आईकडे जातं: फार लाडावला, नाहीतर हॉस्टेलची संगत नडली. साफ चूक. ब्लँचर्ड आणि बोगार्ट या संशोधकांना 1996 मध्ये दिसलं, की जितके थोरले भाऊ जास्त, तितकी धाकटा समलिंगी असण्याची शक्यता थोडी वाढते. बोगार्टने 2006 मध्ये आणखी खोलात तपासलं. घरात दत्तक थोरले भाऊ असले तरी फरक पडत नाही. त्याच आईचा थोरला मुलगा दुसरीकडे वाढला तरी पडतो! म्हणजे धागा गर्भाशयाकडे जातो. पोटातल्या मुलग्याच्या एका प्रथिनाविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार होत असावीत, असा तर्क आहे. अर्थात थोरले भाऊ असलेले बहुतेक पुरुष समलिंगी नसतातच. आणि ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्यांचे उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.