पाऊस पळवणारं विमान: गच्चीवरचा रिसीव्हर काय सांगतो

जुलैत पावसानं दडी मारली, कपाशीच्या दुबार पेरणीची पाळी आली की यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत हटकून ऐकू येतं, "विमान आलं अन् ढग पांगवून गेलं." हे खरं नाही, आणि घरबसल्या तपासताही येतं.

बहुतेक प्रवासी विमानं स्वतःची ओळख, उंची, वेग आणि जागा १०९० मेगाहर्ट्झवर उघडपणे प्रसारित करत असतात. हौशी लोक घराच्या गच्चीवर छोटा रिसीव्हर आणि अँटेना लावून हे संदेश टिपतात. मोबाइलवरचे विमानांचे नकाशे बऱ्याच अंशी त्यांच्याच जिवावर चालतात.

आता आभाळात पांढरी रेघ दिसली की नकाशा उघडा. दिल्लीहून चेन्नईला किंवा मुंबईहून कोलकात्याला निघालेलं विमान सापडेल, उंची ३५,००० फुटांच्या आसपास. नागपूर देशाच्या मध्याजवळ, त्यामुळे ही वर्दळ रोजचीच. लष्करी विमानं मात्र नेहमी दिसतीलच असं नाही.

रेघ म्हणजे इंजिनातली वाफ, कडाक्याच्या थंडीत गोठलेली. मुळात खाली ढग नाहीत म्हणूनच ती आपल्याला दिसते! विमानानं ढग हटवले नाहीत. ते आधीच नव्हते.

ढगांत क्षारांचे कण सोडायचे प्रयोग झालेत, सोलापूरलाही झाले, पण ते पाऊस वाढवायला. आपल्याकडे खंड पडतो त्याचं एक मोठं कारण वेगळं आहे: मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो.