संमिश्र चिकट सांधे : हानी व भंग यांचे प्रारूपण

विमानाच्या रचनेत कार्बन तंतू व एपॉक्सी यांसारख्या संमिश्र पदार्थांचे भाग आसंजकाने (चिकटद्रव्याने) जोडतात. अशा सांध्यात तडा कुठे पडेल, कसा पसरेल आणि सांधा किती भाराला मोडेल, हे गणिताने आणि संगणकावर आधीच काढण्याच्या पद्धतींना हानी व भंग यांचे प्रारूपण म्हणतात.

भाग रिव्हेटने (धातूच्या खिळ्याने) जोडायचे तर छिद्र पाडावे लागते; त्याने तंतू तुटतात आणि छिद्राच्या कडेला प्रतिबल (एकक क्षेत्रावरचे बल) एकवटते. ॲल्युमिनियम अशा ठिकाणी न तुटता थोडे कायमचे ताणले जाते आणि भार शेजारी वाटला जातो. संमिश्र पदार्थात ही सोय फारशी नाही. म्हणून चिकटवणे आकर्षक वाटते, कारण भार सगळ्या पृष्ठभागावर पसरतो. प्रत्यक्षात तो सारखा पसरत नाही. फोल्कर्सन यांनी १९३८ मध्ये दाखवले, की कर्तन प्रतिबल (जोडलेले भाग एकमेकांवरून सरकवू पाहणारे) सांध्याच्या दोन्ही टोकांशी वाढते. पुढे १९४४ मध्ये गोलँड व राइस्नर यांनी आणखी एक गोष्ट मांडली : एकावर एक ठेवलेल्या दोन पट्ट्यांत भाराच्या रेषा जुळत नाहीत, त्यामुळे सांधा वाकतो आणि टोके सोलली जाऊ लागतात. परिणामी एका मर्यादेपलीकडे पट्ट्यांचा आच्छादित भाग दुप्पट केला तरी ताकद दुप्पट होत नाही. मधला भाग जवळजवळ रिकामाच बसून राहतो. मात्र हा रिकामा भाग निरुपयोगी समजू नये. १९७० च्या दशकात हार्ट-स्मिथ यांनी आसंजकाचे आकार्य वर्तन (भार काढल्यावरही उरणारा ताण) हिशोबात घेतले, तेव्हा स्पष्ट झाले की दीर्घकाळ भार राहिल्यास सांध्याला सरपटण्यापासून (हळूहळू ताणले जात राहण्यापासून) हाच कमी ताणाचा भाग रोखतो.

धातूच्या सांध्यापेक्षा येथे खरा फरक भंगाच्या जागेत पडतो. तडा आसंजकाच्या पोटातून जाऊ शकतो, किंवा आसंजक आणि पट्टी यांच्या सीमेवरून. तिसरी शक्यता संमिश्र पदार्थाचीच : जाडीच्या दिशेने तंतू नसतात, तो ताण तंतूंना धरून ठेवणाऱ्या एकट्या रेझिनवर (एपॉक्सीवर) येतो, म्हणून सोलणाऱ्या बलाने पट्टीचा वरचा थरच उचकटतो. तडा आसंजकात सुरू होऊन वाटेत थरात उडी घेतो, असेही घडते. आसंजक कितीही चिवट निवडले तरी अशा सांध्याची ताकद पट्टीच्या पहिल्या थराने ठरते.

फक्त प्रतिबल मोजून भंग सांगता येत नाही. तीक्ष्ण कोपऱ्यात सैद्धांतिक प्रतिबल अनंत असते. संगणकावर सांध्याचे छोट्या घटकांत तुकडे पाडणारी फायनाइट एलिमेंटची जाळी जितकी बारीक करावी तितका आकडा फुगतो. यातून सुटका ऊर्जेच्या विचाराने होते, ज्याचे मूळ ग्रिफिथ यांच्या १९२१ मधील कामात आहे. रिबिकी व कॅनिनन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तडा किंचित मिटवायला लागणारे काम काढून त्यावरून सुटणारी ऊर्जा मोजतात. पण तिला आधीपासून असलेला तडा लागतो. डगडेल (१९६०) आणि बॅरेनब्लाट (१९६२) यांच्या कल्पनेवर उभी असलेली संसंजक क्षेत्राची पद्धत ही अडचण टाळते. तिच्यात दोन पृष्ठभाग दूर होताना त्यांच्यातली ओढ आधी वाढते, मग ओसरत शून्यावर येते. या आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे भंगऊर्जा. सोलण्याची आणि सरकण्याची भंगऊर्जा वेगवेगळ्या चाचण्यांत मोजतात, आणि दोन्ही एकत्र असतील तेव्हा बहुधा बेंझेगाग व केनान यांचे १९९६ चे सूत्र वापरतात. किंमत गणनेत मोजावी लागते : तड्याच्या टोकापुढच्या छोट्या क्षेत्रात अनेक घटक बसवावे लागतात, त्यामुळे अख्ख्या पंखाला अशी जाळी परवडत नाही. पुनरावृत्त भाराचे गणित आणखी नाजूक असते. तडा वाढण्याचा वेग ऊर्जेच्या मोठ्या घाताप्रमाणे बदलतो; भाराच्या अंदाजातली लहान चूक आयुष्याच्या अंदाजात कित्येक पटींनी दिसते. म्हणून तडा वाढूच नये, अशीच रचना करण्याकडे कल असतो.

या सगळ्या प्रारूपांचे एक गृहीत सहसा बोलले जात नाही : पृष्ठभाग नीट तयार केलेला आहे. साच्यातल्या सिलिकोनचा अंश किंवा शोषलेला ओलावा राहिला, तर दोन भाग टेकलेले दिसतात पण धरलेले नसतात. अशा जागी पोकळी नसल्याने श्राव्यातीत (ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींच्या) तपासणीलाही दोष सहज सापडत नाही, आणि प्रारूपात घातलेली भंगऊर्जा तिथे खोटी ठरते. अमेरिकेच्या हवाई प्रशासनाच्या २००९ च्या मार्गदर्शिकेने याच शंकेला वाट दिली आहे. ज्या सांध्याच्या भंगाने विमान गमावले जाईल, त्यासाठी तिच्यात तीन पर्याय आहेत : सुटलेला भाग रचनेनेच मर्यादित ठेवणे, तयार झालेला प्रत्येक नग भार देऊन तपासणे, किंवा प्रत्येक सांध्याची ताकद खात्रीने सांगणारी विनाशरहित तपासणी वापरणे. तिसरा पर्याय बहुतेक कागदावरच राहतो, दुसरा महाग पडतो. म्हणून चिकटवलेल्या सांध्यात पुन्हा रिव्हेट ठोकतात; अभियंते थट्टेने त्यांना ‘भित्रे रिव्हेट’ म्हणतात. आसंजक शाबूत असेपर्यंत ते जवळपास काहीच भार घेत नाहीत. प्रारूपाचे काम मग बदलते : दोन रिव्हेटमधला सगळा आसंजक सुटला आहे असे मानून उरलेला सांधा सेवेतला कमाल अपेक्षित भार पेलतो का, आणि तडा पुढच्या रिव्हेटपाशी थांबतो की त्याला वळसा घालून जातो, हे तपासायचे.