हॅरिस पार्क

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या सिडनी महानगरातील एक छोटे उपनगर. सिडनीच्या मध्यवर्ती भागापासून सुमारे २० किमी. पश्चिमेस, पॅरामॅटा शहराला लागून ते वसले आहे. लोकसंख्या सुमारे ५,००० (२०२१). हा प्रदेश मूळचा दारुग लोकांपैकी बुरामट्टागल कुळाचा असून पॅरामॅटा हे नावही त्यांच्याकडूनच आले आहे. त्याचा संबंध सामान्यतः नदीतील वाम माशांशी जोडला जातो. या कुळाविषयीची लेखी माहिती बहुतांशी वसाहतकारांनी नोंदविलेली असल्याने ती त्याच मर्यादेत वाचणे इष्ट ठरते.

न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश कैदी-वसाहतीचा गव्हर्नर आर्थर फिलिप याने नोव्हेंबर १७८८ मध्ये येथून जवळच रोझ हिल ही वस्ती स्थापन केली. १७९१ मध्ये तिला पॅरामॅटा हे नाव मिळाले. सिडनी कोव्ह या वसाहतीच्या पहिल्या ठाण्याची जमीन निकस निघाली होती आणि जहाजांनी आणलेला शिधा संपत चालला होता, त्यामुळे धान्य पिकविणारी जमीन मिळविणे हा वसाहतीपुढील जीवनमरणाचा प्रश्न होता. जेम्स रूज या कॉर्नवॉलमधील कैद्याला १७८२ मध्ये सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली होती. १७८९ च्या मध्यास आपली मुदत संपल्याचे सांगून त्याने जमीन मागितली. पडताळणीसाठी आवश्यक ती कागदपत्रे फिलिपजवळ नव्हती. तरीही त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याने रूजला झाडे तोडून मोकळी केलेली दीड एकर जमीन आणि एक झोपडी दिली. एका माणसाला स्वतःच्या श्रमावर निर्वाह करण्यास किती काळ लागतो, हे पाहणे हा त्यामागील हेतू होता. ‘एक्सपेरिमेंट फार्म’ (प्रयोग-शेत) हे नाव त्यावरून पडले.

रूजची मशागतीची पद्धत वॉटकिन टेंच या लष्करी अधिकाऱ्याने त्याच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवली आहे. पडलेली लाकडे जाळून राख मातीत मिसळणे, दिवसाकाठी थोडीच जमीन पण खोल खणणे, गवत व तण मातीतच गाडणे, नंतर ती उन्हावाऱ्यात तापू देणे आणि पेरणीच्या तोंडावर पुन्हा उलथणे, असा तिचा क्रम होता. सरकारी शेतात जमीन नुसती खरवडली जाते, ही त्याची तक्रार लक्षणीय आहे. फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याने आपल्याला सरकारी शिध्याची गरज उरली नसल्याचे कळविले आणि पुढे त्याला ३० एकरांची सनद मिळाली. वसाहतीतील ही पहिली सनद मानली जाते. कॅम्पबेलटाउन येथील त्याच्या थडग्यावरील लेखात पहिले धान्य आपण पेरल्याचा दावा आहे. सरकारी शेतात त्याआधीच पेरणी झालेली असल्याने तो शब्दशः स्वीकारता येत नाही. स्वतःच्या जमिनीवर शेती करून स्वावलंबी झालेला पहिला माणूस, इतक्याच अर्थाने तो घेणे योग्य होय. १७९३ मध्ये रूजने ही जमीन ४० पौंडांना न्यू साउथ वेल्स कोअर या लष्करी तुकडीचा शल्यविशारद जॉन हॅरिस यास विकली. उपनगराचे नाव या हॅरिसवरून आले आहे.

एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज या घराच्या काळाविषयी मतभेद आहेत. जमिनीच्या खरेदीशी सांगड घालून ते १७९० च्या दशकातील मानण्याचा प्रघात पूर्वी होता. अलीकडील संशोधन त्याचे बांधकाम १८३४–३५ च्या सुमाराचे ठरविते आणि हेच मत अधिक ग्राह्य वाटते. ते स्वीकारल्यास हॅरिसच्या (मृत्यू १८३८) अखेरच्या वर्षांत हे घर उभे राहिले, असे म्हणावे लागते. दोन्ही मतांनुसार रूजचा संबंध जमिनीशी येतो, घराशी नाही. बसके छप्पर आणि पुढे पडवी अशी त्याची धाटणी भारतातील इंग्रजी बंगल्यांशी जुळती असल्याचे सांगितले जाते. १९६१ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या नॅशनल ट्रस्ट या वारसा-जतन संस्थेने ते विकत घेतले.

लगतच्या रोझहिल या उपनगराच्या हद्दीतील एलिझाबेथ फार्मचा इतिहास याहून अलग करता येत नाही. जॉन व एलिझाबेथ मकार्थर या दांपत्याने १७९३ मध्ये सुरू केलेल्या या घराचे काही भाग ऑस्ट्रेलियातील सर्वांत जुन्या विद्यमान यूरोपीय बांधकामांत गणले जातात. गव्हर्नर ब्लायविरुद्धच्या १८०८ च्या लष्करी बंडातील सहभागामुळे जॉन १८०९ ते १८१७ इंग्लंडमध्ये अडकून पडला असता शेती आणि मेरिनो मेंढ्यांचे कळप एलिझाबेथने सांभाळले. ऑस्ट्रेलियाच्या लोकर-व्यवसायाचे श्रेय केवळ पतीला देण्याची जुनी रीत त्यामुळे अपुरी पडते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या जमिनींचे तुकडे पाडून त्यांवर घरे झाली. विसाव्या शतकात येथे लेबनॉनमधून आलेल्यांची वस्ती वाढली. मॅरोनाइट या ख्रिस्ती पंथाचे अवर लेडी ऑफ लेबनॉन हे प्रार्थनामंदिर तिचे केंद्र आहे. एकविसाव्या शतकात भारतीय विद्यार्थी व नोकरदार मोठ्या संख्येने आले. परदेशात जन्मलेल्या रहिवाशांत आता भारतात जन्मलेले सर्वाधिक असून विग्रम स्ट्रीट व मॅरियन स्ट्रीट या रस्त्यांवर भारतीय उपाहारगृहे व दुकाने दाटीने आहेत. जून २००९ मध्ये आपल्यावरील हल्ल्यांच्या निषेधार्थ भारतीयांनी येथे निदर्शने केली. ‘लिटल इंडिया’ या नावाने हा भाग ओळखला जातो. त्याच्या नियोजित प्रवेशद्वाराच्या कोनशिलेचे अनावरण २३ मे २०२३ रोजी सिडनीत भारत व ऑस्ट्रेलिया यांच्या पंतप्रधानांच्या उपस्थितीत झाले.